लोकेशन पाठव, नाहीतर ब्लॉक!

परवा सातिवलीहून वसई स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात शेजारची मुलगी फोनवर कुणाला तरी दम देत होती, 'लाइव्ह लोकेशन पाठव, नाहीतर ब्लॉक करते.' मला हसू आलं. मग आठवलं, गेल्याच आठवड्यात मीपण 'लास्ट सीन' बघून भांडलेय. तुम्ही असं कधीच केलं नसेल, तर पान उलटा!

आता जरा १९७१च्या डिसेंबरमध्ये चला. ३ तारखेला युद्ध सुरू झालं. ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. समुद्रावर असलेल्या नौसैनिकाला पत्र पाठवायचं, तर पाकिटावर नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, एवढंच. पिनकोडसुद्धा नाही, तो १५ ऑगस्ट १९७२ला आला. जहाज नेमकं कुठे आहे, हे लिहिणारीला ठाऊक नसायचं. आणि त्यानेही ते कळवायचं नाही, कारण पत्र भलत्याच्या हाती पडलं तर अख्खं जहाज धोक्यात.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. विचार करा, त्यांच्या नावाची किती पत्रं त्या रात्री वाटेत असतील. त्या पत्रांवर ब्लू टिक कधीच येणार नव्हती.

म्हणून तेव्हाचं प्रेम खरं आणि आपलं टाइमपास, असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्या मुलींना लोकेशन दिसलं असतं, तर त्यांनीही दिवसातून शंभरदा बघितलं असतं. वाट बघणं हा त्यांचा मोठेपणा नव्हता, नाइलाज होता. पण आपल्याला नाइलाज नाही, म्हणून सतत हजेरी घ्यायचीच का?

नौदलात आजही हे सोपं नाही. डिसेंबर २०१९मध्ये सोशल मीडियावरच्या खोट्या मैत्रिणींच्या जाळ्यात अडकून माहिती फोडल्याच्या आरोपावरून ७ नौसैनिकांना अटक झाली. त्यानंतर युद्धनौका आणि नौदल तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी आली. 'कुठे आहेस?' हा प्रश्न प्रेमाचा की हेराचा, हे तिथे ओळखावं लागतं.

आपल्याकडे तसं काही नाही. रात्री उशिरा घरी येताना लोकेशन जरूर शेअर करा, ती काळजी आहे. पण 'प्रेम असेल तर पाठव' म्हटलं की तो पुरावा होतो, आणि पुरावा आपण संशयिताकडे मागतो. तो कुठे आहे हे नकाशावर कळेल. कसा आहे, हे विचारावंच लागतं. पत्रांत तेवढंच तर विचारता यायचं.

या आठवड्यात एक करून बघा. पोस्टातून एक अंतर्देशीय पत्र आणा आणि त्याला किंवा तिला लिहा. अट एकच, 'पोचलं का?' म्हणून व्हॉट्सॲपवर विचारायचं नाही.

मी टाकलंय. चार दिवस झाले, उत्तर नाही. आणि हो, मी अजून विचारलेलं नाहीये.