कपाटाची किल्ली कुणाकडे?

आमच्या हायस्कूलात ग्रंथालय होतं. म्हणजे कागदावर होतं. प्रत्यक्षात स्टाफरूमच्या कोपऱ्यात दोन लोखंडी कपाटं आणि त्यांची किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. आठवीत असताना मी एकदा पुस्तक मागायला गेले, तर क्लार्क म्हणाले, "हरवलंस तर भरून कोण देणार गं? आधी अभ्यासाचं वाच की!" त्यानंतर ते कपाट उघडलेलं मी बघितलं ते फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी.

आज मी बेळगावात पॉलिटिकल सायन्स शिकते. संविधानाचं कलम ३५०-अ आम्हाला तोंडपाठ आहे: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. आपण सीमाभागातले लोक या कलमाचा दाखला प्रत्येक निवेदनात देतो, आणि दिलाच पाहिजे. पण मला एक प्रश्न पडतो. मातृभाषेतून वाचायला शिकवलं, पुढे वाचायचं काय? मराठी शाळेतल्या पोराच्या हातात पाठ्यपुस्तक सोडून दुसरं मराठी पुस्तक कधी येतं? आणि ते देणारा माणूस शाळेत कोण आहे?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून बघा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा असावीत. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी चित्रकलेचे, शारीरिक शिक्षणाचे, कार्यशिक्षणाचे अर्धवेळ शिक्षक सांगितलेत. ग्रंथपाल मात्र नाही. म्हणजे कायद्यानं कपाट दिलं, माणूस दिला नाही.

माणूस नसला की काय होतं ते आमच्या शाळेत मी बघितलंय. कपाटाचा चार्ज कुठल्यातरी सरांच्या गळ्यात पडतो. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्यांची, मग ते कपाट उघडतील कशाला? त्यांचा दोष नाही. पुस्तकं कशी नोंदवायची, कशी लावायची, फाटकी कशी बाद करायची, कुठल्या वयाच्या पोराला काय द्यायचं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. अकरा वर्षं मराठी शिकवतात. गेल्या वर्षी त्यांनी दूरशिक्षणातून बी.लिब. ला नाव घातलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. "बी.एड. असताना हे कशाला? शाळेत पोस्ट तरी आहे काय?" बाईंचं उत्तर एवढंच, "पोस्ट नाही, पण पोरं आहेत की."

बाईंमुळे मी हा कोर्स जरा समजून घेतला. पदवीनंतर एक वर्षाचा. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, संगणक, व्यवस्थापन. उपयोगाचं आहे. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४, हे मला बाईंनीच सांगितलं. दोन्ही एकाच कपाटात, थोड्याच अंतरावर. आपल्या गावातल्या घरांसारखं.

पण त्यांना दोन अडचणी आल्या. पहिली भाषेची. इग्नूचा हा कोर्स करायचा तर इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत शिकवणाऱ्या माणसानं मराठी पुस्तकांचं काम परक्या भाषेत शिकायचं. दुसरी अडचण मोठी. बाई म्हणतात, कोर्सचा सगळा रोख मोठ्या ग्रंथालयांकडे आहे. कॉलेज, विद्यापीठ, संशोधन संस्था. दहा वर्षांच्या पोराला पुस्तकाची गोडी कशी लावायची, घरी एक बोली, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या मुलीला कुठलं पुस्तक आधी द्यायचं, हे त्यात फारसं नाही.

हे शिक्षकालाच कळतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की शाळेचा ग्रंथपाल शिक्षकांतूनच तयार व्हावा आणि त्यासाठी वेगळं पदवी-स्तराचं प्रशिक्षण असावं. ऑस्ट्रेलियात 'टीचर लायब्ररियन' म्हणवून घ्यायला अध्यापनाची आणि ग्रंथालयशास्त्राची अशा दोन्ही पात्रता लागतात. आपल्याकडे बी.एड. एका बाजूला आणि बी.लिब. दुसऱ्या बाजूला. मधला पूल कुणी बांधलाच नाही.

हे परदेशी खूळ वाटत असेल तर आपला इतिहास बघा. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं. मग पुढची पायरी ओळखली: वाचायला शिकलेल्यांना वाचायला काहीतरी हवं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातला तो पहिला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाला कळलं होतं की पुस्तकं विकत घेणं पुरेसं नाही, ती हातात देणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो.

आणि एस. आर. रंगनाथन? भारतीय ग्रंथालयशास्त्राचा हा जनक मुळात गणिताचा शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तर सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. मग प्रशिक्षणासाठी लंडनला गेले आणि तिथली ग्रंथालयं मुलांपासून कामगारांपर्यंत कशी पोचतात ते बघून माणूसच बदलला. शेवटची वर्षं त्यांनी बंगळुरूत काढली, १९६२ मध्ये तिथे ग्रंथालयशास्त्राचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं केलं. शिक्षक प्रशिक्षण घेऊन ग्रंथपाल झाला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्याच्या राजधानीत आहे.

आता कुणी म्हणेल, "अगं, मराठी शाळांत शिक्षकच पुरेसे नाहीत, पटसंख्या घसरायलीय, आणि तू ग्रंथपाल मागतेस?" हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळत नाही. महाराष्ट्रातसुद्धा ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं आणि 'अर्धवेळ ग्रंथपाल' वर्षानुवर्षं अर्ध्यावरच अडकले होते. त्या हिशोबानं आपल्या छोट्या शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल मिळणं अवघडच. म्हणून तर मी नवं पद मागत नाहीय. आहे त्याच शिक्षकाला प्रशिक्षण द्या, आठवड्याचे काही तास ग्रंथालयासाठी राखून द्या आणि पुस्तक हरवलं तर त्याच्या पगारातून कापणार नाही असं लेखी द्या. एवढ्यावर सुरुवात होते. पोरं शाळेत टिकवायची असतील तर शाळेत टिकण्यासारखं काहीतरी हवं ना?

आपल्याला पुस्तकांचं वेड नाही असं कोण म्हणेल? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. कडोली, उचगावसारखी गावं स्वतःच्या जिवावर साहित्य संमेलनं भरवतात. मंडप घालायला, जेवणं वाढायला आपण रात्रभर राबतो. त्याच गावातल्या शाळेचं कपाट उघडं आहे का, हे मात्र विचारत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तीन कामं करूया. एक, आपापल्या जुन्या शाळेत जाऊन कपाट उघडायला लावूया आणि आत काय आहे त्याची यादी करूया. दोन, मराठी शाळांतल्या शिक्षकांसाठी मराठी माध्यमातून शालेय ग्रंथालयाचा अभ्यासक्रम सुरू करा, असं निवेदन धारवाड आणि कोल्हापूर, दोन्हीकडच्या विद्यापीठांना देऊया. सीमा आपल्या मध्ये आहे, अभ्यासक्रमाच्या मध्ये कशाला? तीन, आमच्या बाईंसारखं कुणी स्वतःच्या खिशातून शिकत असेल, तर त्यांच्या फीसाठी वर्गणी काढूया. गणपतीला काढतो तशीच.

बाईंची परीक्षा जूनमध्ये आहे. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, हेडसरांनी किल्ली दिली. मी विचारलं, "आणि पुस्तक हरवलं तर?" बाई हसल्या. "हरवू दे की. कुणीतरी नेलं म्हणूनच हरवेल नव्हं?"