घाटावरचे तेल

तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही हे सर्वांस ठाऊक असते, तरीही तो काढण्याची वेळ आली की बहुतेकांचा हात प्रथम पाण्याच्या नळीकडे आणि तेवढ्याने भागले नाही तर ॲसिडच्या बाटलीकडे जातो. या सवयीचा विचार करण्यास उज्जैनइतके योग्य शहर क्वचितच सापडेल, कारण तेथे दगडावर आणि काँक्रीटवर पडणारे तेल हा अपघात नसून नित्याचा उपचार आहे.

हरसिद्धी मंदिराच्या प्रांगणातील दोन दीपमाळा मराठा आमदानीतल्या असून, त्यांवरचे हजाराहून अधिक दिवे एकदा पाजळायचे म्हटले तर साधारण ६० लिटर तेल लागते असे सांगितले जाते; त्यातले सांडलेले, ओघळलेले तेल काजळीसह दगडावर थराथराने बसते. इंदूर मार्गावरील त्रिवेणीच्या शनिमंदिरात शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येला तैलाभिषेक होतो. या जुन्या रीतींच्या जोडीला अलीकडे विक्रमी दीपोत्सव आला. महाशिवरात्रीला, १८ फेब्रुवारी २०२३ रोजी, क्षिप्रेच्या घाटांवर १८ लाख ८२ हजारांहून अधिक पणत्या लावून जागतिक विक्रम नोंदवण्यात आला. एका पणतीत वीस मिलिलिटर तेल धरले तरी हा हिशेब ३७ हजार लिटरांच्या पुढे जातो. दिवे किती लागले याची मोजणी होते, पण पायऱ्यांनी किती तेल प्यायले याची होत नाही.

प्यायले हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. काँक्रीट घट्ट होताना त्यातील जादा पाणी निघून जाते आणि त्याच्या जागी केसाहून कितीतरी बारीक अशा नळ्यांचे जाळे उरते. या नळ्या द्रव आपोआप आत ओढतात, यालाच केशाकर्षण म्हणतात. मालात पाणी जितके जास्त ओतलेले असेल तितके हे जाळे सैल, म्हणजेच डाग तितका खोल. घासणी आणि खराटा पृष्ठभागापर्यंतच पोचतात, आणि जोराच्या फवाऱ्याने वरचे तेल निघाल्यासारखे दिसले तरी उरलेले काही दिवसांत पुन्हा वर येते.

तेल कोणते आहे, हा यानंतरचा प्रश्न. इंजिनचे तेल खनिज असते; ते काँक्रीटला काळे करते, पण त्यातील चुन्याशी त्याची फारशी रासायनिक झटापट होत नाही. तीळ, मोहरी किंवा सोयाबीन यांचे तेल मात्र स्निग्धाम्लांचे बनलेले असते आणि काँक्रीट स्वभावतः तीव्र अल्कधर्मी असल्याने या दोहोंच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा एक प्रकारचा साबण हळूहळू तयार होतो, ज्यामुळे वरचा थर कालांतराने ठिसूळ होतो. शिवाय असे तेल ऊन आणि हवा लागून घट्ट होते व चिकटा धरते. पार्किंगमधल्या स्कूटरच्या डागापेक्षा देवापुढचा डाग बांधकामाला अधिक जाचक ठरतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

या दोन्ही डागांवर हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिड सारखेच निरुपयोगी आहे. ते तेल विरघळवीत नाही, सिमेंट विरघळवते. डागाभोवतीची जागा उजळते, वाळूचे कण उघडे पडतात, पृष्ठभाग खरबरीत व अधिक सच्छिद्र होतो आणि पुढच्या खेपेस सांडलेले तेल आणखी आत जाते. शहाबादी फरशी तर मुळात चुनखडीच, त्यामुळे तिच्यावर ॲसिड पडताच फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघाल्याची खूण नव्हे, फरशी झिजत असल्याची होय.

खरा उपाय कोरडा आणि सावकाशीचा आहे. तेल ताजे असेल तर लाकडाचा भुसा, राख किंवा मुलतानी माती पसरून ते शोषू द्यावे आणि सगळे झाडून उचलावे, पाणी त्यानंतर. समई राखेने घासण्याची घरोघरची रीत याच तत्त्वावर चालते. राख तेल टिपते आणि तिच्यातील क्षार त्याचा साबण करतात. डाग मुरलेला असेल तर लेप लावावा लागतो. खाद्यतेलासाठी मुलतानी माती धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात मळतात, खनिज तेलासाठी सोड्याऐवजी टर्पेंटाइन वापरतात, मात्र ते ज्वालाग्राही असल्याने दिवा, विडी यांपासून दूर आणि उघड्या हवेत. बोटाच्या जाडीपेक्षा थोडा कमी थर डागाच्या कडेबाहेरपर्यंत पसरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद घालावा, कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दिवसभराने कागद काढून लेप वाळू द्यावा. द्रव आत शिरून तेल सैल करतो व वाळताना ते मातीत खेचले जाते. लेप तडकला की कोरड्या ब्रशने झाडावा. जुना डाग दोन-तीन वेळांत फिकट होतो, नाहीसा होईलच असे नाही. पुरातन दगडावर मात्र हा प्रयोग तज्ज्ञांवाचून करू नये, कारण मागे राहिलेले क्षार दगडाच्या आत स्फटिकरूप घेऊन त्याचे पापुद्रे काढतात.

श्रद्धेच्या वस्तूबाबत इतकी काटेकोर चर्चा अनेकांना रुचत नाही. पण राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या महाकालेश्वराच्या मंदिरातच ही चर्चा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लिंगाची झीज होत असल्याच्या तक्रारीवरून तज्ज्ञांची समिती नेमली गेली, २०१७ मध्ये दर भक्तामागे अर्धा लिटर शुद्ध केलेल्या पाण्याची मर्यादा आली आणि १ सप्टेंबर २०२० च्या निकालाने भक्तांनी लिंगावर तूप, दही, मध चोळण्यास मनाई केली. शनिशिंगणापुरातही १ मार्च २०२५ पासून शिळेवर केवळ ब्रँडेड रिफाइंड तेल वाहण्याचा नियम झाला. पूजा चालू ठेवून पदार्थ बदलता येतो, हे यावरून सिद्धच झाले आहे.

नदीकाठाचे तसे अजून झालेले नाही. घाट धुतला की साबण, काजळी आणि तेल यांचे पाणी सरळ क्षिप्रेत उतरते, आणि ज्या नदीत प्रवाह टिकवण्यासाठी २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून आणावे लागते, तिला हा भार पेलणारा नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेकाठी सुमारे २९ किलोमीटरचे नवे घाट बांधले जात आहेत. त्यांच्या सफाईचे ठेके लिहिताना ॲसिडला बंदी आणि पाणी सोडण्यापूर्वी तेल कोरडे उचलण्याची सक्ती ही दोन कलमे उज्जैनच्या प्रशासनाने घालावीत, आणि दीपोत्सवाच्या खर्चात पणत्यांबरोबर भुशाच्या पोत्यांचीही तरतूद करावी.