एका शब्दावर टुंss

2015 सालची गोष्ट. मिहीर जोशी या मुंबईच्याच गायकाच्या गाण्याचा व्हिडिओ सेन्सॉर बोर्डाकडे गेला आणि टीव्हीवर येताना त्यातल्या एका शब्दावर 'टुंss' वाजला. शिवी नव्हती हो. शब्द होता 'बॉम्बे'. आता 'मुंबई'च म्हणावं याबद्दल आपण किती हळवे आहोत, ते मी सांगायला नको. समोरचा 'बॉम्बे' म्हणाला की मीही दुरुस्ती करतो, कधी मनात, कधी मोठ्यानं. पण टुंss? त्याच वर्षी 'बॉम्बे वेल्वेट' नावाचा अख्खा सिनेमा बोर्डाच्याच प्रमाणपत्रासह थेटरात लागला! आणि टुंss ऐकल्यावर माणसाला वाटतं, इथे काहीतरी भयंकर घाण असणार. 1994 मध्ये 'खुद्दार'च्या गाण्यातल्या 'सेक्सी'च्या जागी 'बेबी' आलं, तेव्हाही चाल तीच राहिली आणि ऐकणारे मनातल्या मनात मूळ शब्दच म्हणत राहिले.

असो. असल्या गमती सांगत बसलं की विरोध फार सोपा होतो. सेन्सॉरवाले अडाणी, आपण शहाणे, झालं. मी अडखळतो तो 'आजा नचले'पाशी.

2007 च्या नोव्हेंबरअखेर माधुरीचा हा सिनेमा आला. त्याच्या शीर्षकगीतात एक ओळ होती, तिचा आशय असा की बाजारात मोचीसुद्धा स्वतःला सोनार म्हणवतोय. उत्तर प्रदेश सरकारनं लगेच सिनेमावर बंदी घातली. निर्मात्यांनी माफी मागितली, ओळ काढली, बंदी उठली. दोन-चार दिवसांत विषय संपला.

ती ओळ वाईट होती, यात मला शंका नाही. 'एवढं काय त्यात' असं ज्यांना वाटलं, त्यांच्या आडनावावरून त्यांना कुणी कधी चप्पल शिवायला सांगितलेलं नसतं. ज्यांच्यावर तो धंदा जन्मानं लादला गेला, त्यांनी चिडू नये तर काय करावं? निर्मात्यांनी माफी मागितली तेही बरंच झालं. पण मला खरी उत्सुकता वेगळीच होती. ही ओळ कुणीतरी लिहिली, कुणीतरी चालीत बसवली, कुणीतरी गायली, स्टुडिओत कितीजणांनी कितीदा ऐकली असेल. एकालाही खटकू नये? लहान माणूस मोठा असल्याचा आव आणतोय हे सांगायचं तर हाताशी पटकन मोचीच का येतो? आपल्या म्हणी, शिव्या, विनोद उघडून बघा, जागोजागी हेच सापडेल. याची चर्चा त्या आठवड्यात घरोघरी व्हायला हवी होती. त्याऐवजी 'बंदी योग्य की अयोग्य' यावरच वाद झाला. ओळ कापली गेली आणि तो प्रश्नही तिच्याबरोबर कापला गेला. ज्यांना लागलं होतं, त्यांच्या पदरात काय पडलं? एक कात्री.

आपल्याकडे याहून चांगली रीत होती. कलगीतुऱ्यात एका फडाचा सवाल गाण्यातून यायचा, दुसऱ्याचा जबाबही गाण्यातूनच. खोड काढलीस तर उत्तर ऐकून घे! पोलीसपाटलाला कुणी मध्ये बोलावत नसे.

'पण गाण्यानं माथी भडकतात, त्याचं काय?' असं कुणी विचारेलच. त्यांच्यासाठी नाशिकचा दाखला. कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना जून 1909 मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कोर्टाचं म्हणणं असं, की वरवर देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या गोष्टी आहेत, पण रोख इंग्रज सरकारवर आहे. गंमत म्हणजे कोर्टानं अर्थ अगदी बरोबर लावला होता! समजून-उमजून शिक्षा दिली. मग माथी शांत झाली का? सहा महिन्यांत, डिसेंबर 1909 मध्ये, नाशिकच्याच विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि या शिक्षेचा राग हे त्यामागचं एक कारण होतं. त्या खुनाचं समर्थन मी करत नाही. एवढंच म्हणतो की माथी कवितांनी किती भडकली कोण जाणे, शिक्षेनं मात्र नक्की भडकली.

म्हणजे न कळता कापलं तर हसू होतं, आणि नीट कळून कापलं तर ते जास्त भयंकर असतं, कारण तेव्हा शब्दाची नव्हे, बोलणाऱ्याची भीती असते. हल्लीची बरीच गाणी मला स्वतःला ऐकवत नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत जे वाजतं त्यानं कान किटतात. त्यावर माझा उपाय म्हणजे खिडकी लावून घेणं. (आवाजाच्या डेसिबलचं म्हणाल तर तो वेगळा कायदा, तो जरूर लावा.)

एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुण रॅपरनं पन्नास खोक्यांवर गाणं केलं. गाण्यात ना कुणाचं नाव, ना पक्षाचं. तरीही अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. नाव न घेताही तक्रार करणाऱ्यांना बरोबर कळलं होतं, गाणं कुणावर आहे ते.