भंगार कोणी ठरवायचे?

आमच्या तालुका कार्यालयातील संगणक २०१५ साली वर्गणी काढून घेतलेला आहे. दहा वर्षे त्याच्यावर पत्रके लिहिली गेली, सभासदांच्या याद्या झाल्या, निवडणुकांचे हिशेब झाले. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांची नावे आणि गावेही त्याच्यावरच नोंदविली गेली. यंत्र आजही सुरळीत सुरू होते. कळफलकावरची चार-दोन अक्षरे पुसली गेली आहेत, एवढेच. २०२५ च्या दिवाळीपूर्वी ते साफसफाईसाठी दुकानात नेले, तेव्हा दुकानदाराने झाकण उघडण्यापूर्वीच निकाल दिला : "साहेब, हे आता भंगारात काढा. दीड हजार धरतो, नवीन घेऊन जा." बिघाड काय आहे, असे आमच्या कोषाध्यक्षांनी विचारले. तो म्हणाला, "बिघाड काही नाही. मुदत संपली."

बिघाड नसताना मुदत संपते, या चमत्काराचा उलगडा असा. संगणकाचे यंत्र आणि ते चालविणारी 'ऑपरेटिंग सिस्टिम' या दोन भिन्न वस्तू आहेत. यंत्र आपण विकत घेतो; प्रणाली मात्र वापरण्याचा परवानाच तेवढा मिळतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २०१५ च्या जुलैत आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नित्याची देखभाल थांबविली. त्या दिवसानंतरही संगणक चालतो. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी सुरक्षेची छिद्रे बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता निजणे होय. पुढची प्रणाली, विंडोज ११, ही २०२१ च्या ऑक्टोबरात आली. तिच्यासाठी यंत्रात 'टीपीएम २.०' ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला, म्हणजे ढोबळ मानाने २०१७-१८ नंतरचा हवा, अशी अट आहे. २०१५ चे यंत्र या अटीत बसणे शक्यच नाही.

ही अट सर्वस्वी बनावट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. चोरीला गेलेल्या संगणकातील मजकूर परक्याच्या हाती पडू नये, यासाठी त्या सोयीचा उपयोग आहे. पण ज्याच्या घरी ते यंत्र आहे, त्याला "मला ही जादा सुरक्षितता नको, माझे आहे तेच चालवू द्या," असे म्हणण्याची मुभा का नसावी? कंपनीने व्यक्तिगत ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव दुरुस्ती देऊ केली. तिचे मोल ३० डॉलर. किंवा मग आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या खात्यात जमा ठेवण्याची तयारी. युरोपात ग्राहक संघटनांनी यावर तक्रार केली, तेव्हा युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांपुरती ही दुरुस्ती विनामूल्य झाली. आपल्याकडे कोणी तक्रार केली नाही, आणि आपल्याला ती सवलतही मिळाली नाही. संघटनेचे महत्त्व पटविण्यासाठी शिबिरे भरविणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

कॅनलिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील. अंदाज हा अंदाजच असतो. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीचा कोठे जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरच्या गल्ल्यांत किंवा मुरादाबादेत जाऊन पाहावे. तेथे उघड्या हातांनी पट्ट्या तोडल्या जातात, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, कणभर सोन्यासाठी सर्किटे आम्लात बुडविली जातात. "मुदत संपली" या दोन शब्दांचा शेवट त्या धुरात होतो, आणि तो धूर कोणाच्या छातीत जातो हे सांगायला नको.

येथे आपल्या चळवळीतील जुन्या मंडळींना एक प्रसंग आठवेल. साठ-सत्तरच्या दशकांत या देशात संगणक म्हणजे प्रामुख्याने आयबीएम. अन्य देशांत कालबाह्य ठरलेली १४०१ जातीची यंत्रे येथे आणावयाची, डागडुजी करावयाची आणि जबर भाड्याने द्यावयाची, असा त्या कंपनीचा व्यवहार होता. संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कडक टीका केली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकी कंपन्यांनी आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा आग्रह सरकारने धरला. आयबीएमने सवलत मागितली. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ती नाकारली गेली आणि १९७८ साली कंपनीने गाशा गुंडाळला. या प्रसंगाचे आपण आजवर जे कौतुक करतो, ते बाणेदारपणाचे. कौतुकाचा खरा भाग त्यानंतरचा आहे. कंपनी गेली, यंत्रे येथेच राहिली. आणि सरकारी मालकीच्या 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'च्या भारतीय तंत्रज्ञांनी ती चालू ठेवली. बनविणाऱ्याने पाठ फिरविली तरी देखभालीचे ज्ञान आपल्यापाशी असेल तर यंत्र मरत नाही, हे तेव्हा सिद्ध झाले होते.

आपल्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे. त्याच काळात आपल्या कामगार संघटनांनी संगणकाकडे केवळ नोकऱ्या खाणारे भूत म्हणून पाहिले. भीती निराधार नव्हती. १९८३ साली बँक संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करून संगणकीकरणाला मर्यादा घातल्या, त्यामागे ती होती. परंतु यंत्र आणायचे की नाही, एवढ्यावरच आपण भांडलो. यंत्राच्या आतले सूत्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न आपल्या ठरावांत आलाच नाही. तो विचारला तो दुसऱ्यांनी. १९८३ मध्येच अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणालाही वापरता येईल, तपासता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहिला. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रणालीला लोक आज लिनक्स म्हणतात.

आमच्या कार्यालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये लिनक्सचा आसरा घेतला. तंत्रशिक्षण घेत असलेला आमच्या एका सभासदाचा मुलगा पेनड्राइव्हवर 'लिनक्स मिंट' घेऊन आला. जुन्या प्रणालीला धक्का न लावता पेनड्राइव्हवरूनच ती चालवून पाहता येते, हे आम्हास ठाऊक नव्हते. आठ दिवस तसे चालवून पाहिले. मग सर्व मजकुराच्या दोन प्रती अन्यत्र काढून ठेवल्या, जुनी फिरती डिस्क काढून दोन-अडीच हजारांची नवी सॉलिड स्टेट डिस्क बसविली आणि दुपारभरात काम आटोपले. संगणक पूर्वी सुरू होईपर्यंत चहा होत असे. आता होत नाही. लिब्रे ऑफिसमध्ये पत्रके लिहिता येतात, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीत आहेच, पडद्यावरच्या सूचनाही बऱ्याच अंशी मराठीत येतात. 'गंतव्य', 'अधिलिखित' असे काही शब्द पाहून आमच्या शाखाध्यक्षांनी पुन्हा इंग्रजी सूचनांची मागणी केली, ती बहुमताने मान्य झाली.

अडचणी लपवून प्रचार करणे बरे नव्हे. हिशेबनिसांचे लेखा-सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. ते काम त्यांच्या घरच्या संगणकावर करावे लागते. शासकीय कार्यालयांकडून येणारे तक्ते उघडतात, पण रकाने कधी कधी सरकतात. छपाईयंत्राने आठवडाभर दाद दिली नाही. ज्याच्यापाशी शिकलेले घरचे माणूस नाही, त्याने हे एकट्याने कसे निभवावे, याचे उत्तर उत्साही मंडळी देत नाहीत.

सर्वांत मोठी अडचण मात्र आमच्याच कपाटातून निघाली आणि तिचा लिनक्सशी संबंध नव्हता. १९९७ ते २०१० या काळातील आमची पत्रके, ठराव व दुष्काळी कामांवरील मजुरांच्या तक्रारींच्या नोंदी त्याआधीच्या संगणकावर, एका विकतच्या मराठी अक्षरजुळणी पॅकेजमध्ये केलेल्या होत्या. त्या पॅकेजसोबत यंत्राच्या पाठीमागे खोचण्याचे एक लहानसे कुलूप येई. ते नसेल तर पॅकेज उघडत नसे. कुलूप केव्हाच गहाळ झाले. त्या काळी अशा पॅकेजमध्ये प्रत्येक कंपनी मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या खुणांवर आपल्या मर्जीने बसवीत असे. परिणामी तेरा वर्षांचे आमचे लेखन पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा म्हणून उमटते. परिवर्तकाने थोडे सोडविले, पण जोडाक्षरे फुटली, रफार भलत्याच अक्षरावर गेले. महाविद्यालयातील दोन मुली दर शनिवारी बसून छापील प्रतींशी ताडून एकेक कागद दुरुस्त करीत आहेत. ज्या कागदांची छापील प्रत उरलेली नाही, ते गेले. याउलट २०१५ नंतरचा युनिकोडमधील मजकूर नव्या प्रणालीत पहिल्या झटक्यात, वेलांटीही न हलता उघडला; कारण युनिकोड ही सार्वजनिक मोजपट्टी आहे, तिच्यावर एका दुकानाचे कुलूप नाही. आपण लिहिलेले आपल्यालाच वाचता न येणे हा काय प्रकार आहे, तो अनुभवल्यावाचून या विषयातील कळकळ ध्यानात येत नाही.

ही गोष्ट केवळ जुन्या कागदांची राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांत वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा समावेश केला. हा कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने त्यानंतर काही दिवसांतच थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. नायरात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे आणि आम्हाला त्या भांडवलदारांचा कळवळा नाही. पण भारतात, भारतीय कायद्याने चालणाऱ्या कारखान्याचा पत्रव्यवहार अमेरिकी कंपनी युरोपच्या निर्णयापाठोपाठ बंद करू शकते, हे आपण पाहिले. उद्या हे जिल्हा रुग्णालयाचे किंवा वीज मंडळाचे झाले तर?

सरकारला हे कळत नाही असे नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण केंद्राने २०१५ साली जाहीर केले. धोरण फायलीत राहिले. ज्यांनी ते मनावर घेतले त्या केरळात मात्र शिक्षकांनाच प्रशिक्षक बनवून शाळाशाळांतून मुक्त प्रणाली नेण्यात आली आणि मुलांची संगणकाची परीक्षाही तिच्यावरच होते. म्युनिक शहराचा अनुभव याच्या जोडीला ठेवावा. तेथील नगरपालिकेने २००३ साली निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये सत्तेतील पक्षांनी पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. नगरसभेतील बहुमत फिरले आणि दहा वर्षांचे काम उलटे फिरले.

लिनक्स म्हणजे समाजवाद, असाही भाबडा समज नको. तिच्या गाभ्याचे बहुतांश काम आज बड्या कंपन्यांचे पगारी तंत्रज्ञ करतात, कारण त्या कंपन्यांचाही धंदा तिच्यावर चालतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील अग्रगण्य कंपनी रेड हॅट २०१९ साली कोणी विकत घेतली? आयबीएमने. इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी. तथापि फरक उरतोच. मूळ सूत्र लोकांपुढे आहे. एका कंपनीने पाठ फिरविली तर तेच सूत्र घेऊन दुसऱ्याला पुढे जाता येते आणि कायद्याने त्याला अडविता येत नाही. १९७८ मध्ये जे सरकारी महामंडळाच्या बळावर जमले, ते येथे परवान्यातच लिहून ठेवले आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक तालुका कार्यालयाने चार-पाच जाणत्या तरुणांचे एक पथक करावे आणि ते पथक शाळा, ग्रंथालये, पतसंस्था व कार्यकर्त्यांची घरे येथील धडधाकट यंत्रे भंगारवाल्याच्या गाडीवर चढण्यापूर्वी तपासून पाहावे. जी चालतात ती चालती करावीत. ज्याचे काम लिनक्सवर होणार नाही, त्याला तसे स्पष्ट सांगावे. आमच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही बैठक भरते. आजपर्यंत अकरा यंत्रे झाली. त्यांतील एक महिन्याभरात मालकाच्या मुलाने परत विंडोजवर नेले, कारण त्याचा खेळ चालेना. येणाऱ्यांनी यंत्रासोबत आपला सर्व मजकूर दुसरीकडे उतरवून आणावा. छपाईयंत्र सोबत आणू नये. आमचे स्वतःचेच अजून मागची बाजू छापायला तयार नाही.