ग्लायफोसेटवर मर्यादा आल्या. मग हरळी-लव्हाळ्याचे करायचे काय?

उन्हाळी नांगरटीचे दिवस जवळ आले, की कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘हरळी, लव्हाळा मुळासकट जाईल असे काय आहे?’ उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेले असते, ग्लायफोसेट. बांधावर, पडीक रानात, फळबागेत आणि घरापुढच्या हिरवळीच्या कडेलाही तेच मारले जाते. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अधिसूचना काढून या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा, असे सांगितले. तेव्हापासून ‘बंदी आली की नाही’ याचीच चर्चा जास्त झाली. ही तणे जमिनीखाली कशी जगतात आणि त्यांना नेमके कधी गाठायचे, हा मूळ मुद्दा त्यात मागे पडला.

नियम नेमका काय सांगतो?

भारतात ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे. म्हणजे कपाशीच्या दोन ओळींत हूड लावून केलेली फवारणी २०२२ च्या आधीही लेबलबाहेरचीच होती. केरळ सरकारच्या अहवालानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने मसुदा प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी अधिसूचना निघाली.

आरोग्याच्या प्रश्नावर जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेले’ अशा गटात टाकले. दुसरीकडे युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची मान्यता आणखी १० वर्षांसाठी वाढवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण दोघांनी तपासलेले प्रश्न वेगळे आहेत. एखादा पदार्थ मुळात घातक ठरू शकतो का, हे पहिली संस्था पाहते. ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या मात्रेत वापरल्यास धोका किती, हे नियामक पाहतात. आपल्याकडे गोची होते ती इथेच. उघड्या अंगाने, गळक्या पंपाने आणि वाऱ्याच्या तोंडावर केलेली फवारणी ‘ठरलेल्या पद्धतीत’ बसत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे प्रामुख्याने कीटकनाशके होती, पण फवारणारी माणसे आणि फवारणीची रीत तीच आहे.

कागदावरचा नियम आणि गावातली परिस्थिती

परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटर मुख्यतः शहरात काम करतात: हॉटेल, गोदाम, गृहसंकुले. दोन एकर पडीक रानासाठी ते खेड्यात कुठून येणार? पर्यायी व्यवस्था उभी न करता घातलेली मर्यादा कागदावरच राहते, आणि खरेदी पावतीशिवाय होऊ लागते. मान्यता नसलेल्या तणनाशक सहनशील कपाशी बियाण्यामुळे ही मागणी आणखी वाढली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून आंदोलन केले. निंदणीला मजूर मिळत नाहीत, हे त्यामागचे दुखणे खरेच होते. पण या व्यवहारात बियाण्याची पावती नसते आणि तणनाशकाचा वापर लेबलबाहेरचा असतो. नुकसान झाले, तर तक्रार करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून फवारणीचा विचार करण्याआधी आपल्या भागात सध्या कोणता आदेश लागू आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. डब्यावरील लेबल वाचा. पक्के बिल घ्या.

ही तणे मरत का नाहीत?

लव्हाळा दिसायला गवतासारखा असला, तरी तो गवत नाही. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा. तो तिधारी लागतो. त्याचा सारा जीव जमिनीखालच्या गाठींत असतो. या गाठी बारीक दोऱ्यासारख्या खोडाने माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि बहुतांश वरच्या १५ ते २० सें.मी. थरात सापडतात. माळेतील एक गाठ फुटली, की बाकीच्या बऱ्याच गाठी निद्रिस्त राहतात. तुम्ही खुरप्याने शेंडा काढता किंवा कुळवाने माळ तोडता, तेव्हा त्या जाग्या होतात. एका कोंबाच्या जागी चार कोंब दिसतात ते यामुळे.

ग्लायफोसेटही इथेच कमी पडते. ते हिरव्या पानातून आत शिरून वाढणाऱ्या भागापर्यंत पोहोचते. जी गाठ फुटलेलीच नाही, तिला ते लागत नाही. शिवाय गढूळ पाणी किंवा धुळीने माखलेली पाने असतील, तर ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होते.

हरळी मात्र खरे गवत आहे. ती जमिनीवर पसरते आणि जमिनीखाली काशा सोडते. काशीच्या प्रत्येक पेराला डोळा असतो. ओलाव्यात पडलेला दोन पेरांचा तुकडाही नवे झाड उभे करतो.

रोटाव्हेटर: कधी उपयोगी, कधी घातक

शासनाच्या यांत्रिकीकरण योजनांतून रोटाव्हेटरला अनुदान मिळते, त्यामुळे तो गावोगावी पोहोचला आहे. पण हरळीच्या रानात वाफसा असताना रोटाव्हेटर मारणे म्हणजे काशांचे बेणे तयार करून रानभर लावण्यासारखे आहे. एका कोपऱ्यातला पट्टा पुढच्या हंगामात सगळ्या वावरात दिसतो. अशा रानात आधी पलटी नांगराने खोल नांगरट करून ढेकळे उघडी पाडावीत. काशा उन्हात वाळल्यावर वखराने गोळा करून वेचाव्यात आणि रानाबाहेर नेऊन जाळाव्यात. रोटाव्हेटर वेचणीनंतरच फिरवावा.

लव्हाळ्याच्या गाठीही वाळवण्यानेच मरतात. त्या उघड्यावर येऊन एक-दोन आठवडे कडक उन्हात पडल्या पाहिजेत. ढेकळाच्या आत ओलीत राहिलेली गाठ जगते. म्हणून मार्च-एप्रिलमधील नांगरटीनंतर १०-१५ दिवसांच्या अंतराने वखराच्या पाळ्या देऊन ढेकळे फोडत राहणे गरजेचे आहे. एक नांगरट करून रान पावसापर्यंत तसेच सोडले, तर निम्मे काम वाया जाते.

तीन आठवड्यांचे गणित

लव्हाळ्याचा कोंब वर आल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी बांधायला सुरुवात होते. तोवर तो जुन्या गाठीतील साठा खर्च करत असतो. लव्हाळ्याचा सारा बंदोबस्त या एका गोष्टीवर उभा आहे. दर १५ ते २० दिवसांनी कोंब काढत राहिलात, तर साठा फक्त खर्च होतो, भर पडत नाही. महिना-दीड महिन्याने एकदा मोठी खुरपणी केली, तर तोवर नव्या गाठी तयार झालेल्या असतात. मजुरीचा खर्च जवळपास तोच, पण निकाल उलटा.

दुसरा उपाय सावलीचा. लव्हाळा आणि हरळी दोघांनाही सावली सोसत नाही. पावसाच्या सुरुवातीला दाट पेरलेला ताग ४५-५० दिवसांनी गाडल्यास तणाची वाढ दबते आणि जमिनीला हिरवळीचे खतही मिळते. याउलट कांदा, लसूण अशी उभट पानांची पिके रान झाकत नाहीत. लव्हाळ्याचे रान असेल, तर पहिल्या वर्षी तिथे कांदा घेऊ नका.

काळ्या मल्चिंग पेपरवर भरवसा ठेवू नका. लव्हाळ्याचा टोकदार कोंब तो भोसकून वर येतो. एप्रिल-मेमध्ये रान भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरल्यास बियांपासून उगवणारी तणे बरीच मरतात. प्रकाश मिळाल्याने लव्हाळ्याची पाने कागदाखालीच उघडतात आणि करपतात. तरीही खोलवरच्या गाठी वाचतात, त्यामुळे पुढची कोंबकाढणी चुकवता येत नाही. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यासाठी ही पद्धत परवडते, मोठ्या रानाला नाही.

तणनाशक वापरायचेच असेल तर

- उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के डब्ल्यूजी हे शिफारशीतील तणनाशक आहे. मात्रा एकरी ३६ ग्रॅम. लव्हाळा ३ ते ५ पानांवर असताना, जमिनीत ओल असताना फवारावे. पुढे कडधान्य किंवा भाजीपाला घेणार असाल, तर किती अवधी सोडायचा ते लेबलवर पाहा.
- क्विझालोफॉपसारखी गवतनाशके फक्त गवतावर चालतात. लव्हाळा गवत नसल्याने त्यावर त्यांचा खर्च फुकट जातो. हरळी करपते, पण काशांतून पुन्हा फुटते.
- पॅराक्वाट स्पर्शाने पाने जाळते, गाठी-काशा तशाच राहतात. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. या तणांसाठी ते घेऊच नये.
- टू-फोर-डी मारलेला पंप कपाशी, द्राक्ष किंवा भाजीपाल्याला वापरू नका. वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही कपाशीची पाने वेडीवाकडी होतात. शेजाऱ्याचे पीक पाहून मगच नोझल उघडा.

घरापुढची हिरवळ आणि कृषी पर्यटन केंद्रे

हिरवळीत लव्हाळा बहुधा विकत आणलेल्या मातीतून, शेणखतातून किंवा रोपवाटिकेतून आलेल्या चौकोनी गादीबरोबर येतो. हिरवळीच्या अनेक जाती हरळीच्याच कुळातल्या असल्याने हरळी मारणारे औषध हिरवळही मारते. इथे उपाय हाताचाच. आदल्या दिवशी पाणी द्या, अरुंद खुरपे उभे घालून गाठीसह कोंब उचला आणि भोकात चाळलेली माती भरा. दर १५ दिवसांनी फेरी मारा. हिरवळ फार खरडून कापू नका. दाट, थोडी उंच हिरवळ लव्हाळ्यावर सावली धरते. पाणी साचणारी जागा आधी दुरुस्त करा, कारण ओलसर जागेत लव्हाळा अधिक जोर धरतो. निम्म्याहून अधिक जागा व्यापली असेल, तर हिरवळ उन्हाळ्यात पूर्ण काढून माती वाळवणे आणि पावसाळ्यात नव्याने लावणे स्वस्त पडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘कोणते औषध?’ या प्रश्नाला आधी ‘कोणते तण?’ हा प्रतिप्रश्न करा. शेतकऱ्याला एक झाड उपटून आणायला सांगा. गाठ दिसते की काशी, त्यावर सल्ला बदलतो. भाड्याचा ट्रॅक्टर रानात शिरण्यापूर्वी अवजारांची माती झाडली जाते का, हे पाहा. तलावाचा गाळ टाकायचा असेल, तर काठावरच्या थरात लव्हाळ्याच्या गाठी आहेत का ते तपासा. लव्हाळा बियांपेक्षा गाठींनीच पसरतो, त्यामुळे तो येतो तो बहुतेकदा आपणच आणलेल्या मातीतून.

लागण सगळ्या रानात असेल, तर सर्व रान एकदम हाती घेण्याचा सल्ला देऊ नका. दहा गुंठ्यांचा एक तुकडा निवडा. उन्हाळ्यात नांगरट आणि वेचणी, पावसाच्या तोंडावर ताग, रब्बीत दर १५-२० दिवसांनी कोंबकाढणी, असे दोन वर्षे पाळा. दर महिन्याला एका ठरावीक चौरस मीटरमधील कोंब मोजून वहीत लिहायला सांगा. आकडा उतरताना दिसला, की शेतकरी पुढचा तुकडा स्वतःहून हाती घेतो.