धाकटीची कैफियत

भावंडांच्या प्रेमाचे गोडवे गाणाऱ्या वाङ्मयाला आपल्याकडे तोटा नाही. परंतु एकाच छपराखाली, एकाच आईच्या मायेवर आणि तुटपुंज्या मिळकतीवर वाढणाऱ्या मुलांमध्ये जी असूया नांदते, तिची कैफियत सहृदयतेने ऐकून घेणारी कलाकृती विरळाच, आणि म्हणूनच ग्रेटा गर्विग यांनी २०१९ साली पडद्यावर आणलेल्या ‘लिट्ल विमेन’चे स्मरण या दीपोत्सवी अंकाच्या आरंभी करावेसे वाटते.

लुइसा मे ऑल्कॉट यांची मूळ कादंबरी १८६८-६९ मधली, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात घडणारी. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या बहिणी मराठी घरांना केव्हाच आपल्याशा झाल्या आहेत. नाटकाला आपल्याला नेले नाही, एवढ्या रागावर धाकटी ॲमी ज्योच्या कथांचे हस्तलिखित आगीत घालते. दुसऱ्या दिवशी रुसलेल्या बहिणीची मनधरणी करण्यासाठी गोठलेल्या पाण्यावर तिच्यामागे धावताना बर्फ फुटून ती आत पडते, आणि ज्यो व शेजारचा लॉरी तिला ओढून काढतात. त्या रात्री स्वतःच्या संतापाने भयभीत झालेली ज्यो आईजवळ मन मोकळे करते, तेव्हा ती सोशिक माउली सांगते की, आपल्यालाही जवळजवळ रोजच राग येतो.

वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ॲमीला त्या हस्तलिखिताबद्दल क्षमा केली नाही. गर्विग यांनी, आणि फ्लॉरेन्स प्यू या अभिनेत्रीने, तिची बाजू प्रथमच नीट मांडली. ज्योने मनाशी धरलेला युरोपचा प्रवास मार्च आत्याच्या मर्जीने धाकटीच्या पदरात पडतो, हे खरे. पण विवाहितेची कमाई आणि तिची अपत्येदेखील कायद्याने नवऱ्याच्या मालकीची, तेव्हा विवाह हा आपल्यापुरता आर्थिक व्यवहारच आहे, असे पॅरिसमध्ये लॉरीला निक्षून सांगणारी ॲमी लाडावलेली पोर उरत नाही. पुढे घरी परतल्यावर, आपल्या घरगुती सुखदुःखांना कोण महत्त्व देणार, असे ज्यो म्हणते, तेव्हा ती लिहिल्यानेच कदाचित महत्त्वाची ठरतील, असा अभिप्राय देणारी हीच ॲमी. बहिणीच्या लिखाणाचे मोल तिला पुरते ठाऊक होते. सूड उगवायला तिने नेमके तेच निवडले, ते त्याचमुळे.

प्रत्यक्षातली ॲमी म्हणजे ऑल्कॉट यांची धाकटी बहीण मे. ती चित्रकार, पहिल्या आवृत्तीतल्या तिच्या चित्रांवर टीका झाली, तरी लुइसा यांनी लेखनाच्या मिळकतीतून तिच्या युरोपातील शिक्षणाचा भार उचलला, आणि १८७७ मध्ये मेचे चित्र पॅरिसच्या सालोंमध्ये लागले. १८७९ च्या अखेरीस प्रसूतीनंतर थोड्याच आठवड्यांत मे निवर्तली. तिची कन्या लुलू मावशीकडे आली, आणि १८८८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत लुइसा यांनीच तिचा सांभाळ केला.

आपल्या सन्माननीय लेखकांना यंदा एवढीच विनंती केली होती की, भावंडांविषयी लिहिताना तक्रारींना कात्री लावू नये. हाती आलेल्या मजकुरात वाटणीपत्रे आहेत, वर्षानुवर्षांचा अबोला आहे, थोरल्याच्या फीसाठी मोडलेल्या धाकटीच्या पाटल्या आहेत, आणि भाऊबीजेच्या दिवशी न चुकता येणारे, पण पायरी न चढणारे भाऊही आहेत. त्यांतला एकही शब्द सौम्य न करता हा अंक आम्ही वाचकांच्या स्वाधीन करीत आहोत.