संशयाचे कारण लेखी द्या

सरकारी कर्मचाऱ्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या किंवा जमाते इस्लामीच्या कामात भाग घेतला तर तो शिस्तभंग ठरेल, असे केंद्रीय गृहखात्याचे परिपत्रक ३० नोव्हेंबर १९६६ रोजी निघाले. गृहमंत्रिपदाची सूत्रे त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाणांनी हाती घेतली होती. देवराष्ट्रेत जन्मलेला आणि कराडात घडलेला हा माणूस १९४२च्या चळवळीत स्वतः भूमिगत होता. तेव्हाच्या सरकारच्या कागदोपत्री तोच राज्याच्या सुरक्षेला धोका होता. परिपत्रकातील संघाचा उल्लेख ९ जुलै २०२४ रोजी काढून टाकण्यात आला, जमातचा राहिला. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत संघ बदलला का, की सही करणारे बदलले? याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या पक्षाप्रमाणे देईल. आमचा आक्षेप या सोयीच्या उत्तरालाच आहे.

विश्वास काढून घेण्याचा अधिकार सरकारला असू नये, असे आम्ही म्हणत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात, विमानतळाच्या धावपट्टीवर किंवा गुप्त कागदांच्या कपाटापाशी कोण उभा राहणार, हे सरकारनेच ठरवायचे असते. मात्र तो विश्वास काढताना कारण सांगायचे की नाही आणि ज्याचा काढला त्याला कुणापुढे दाद मागता येईल, हे प्रश्न सातारा-सांगलीने इतर जिल्ह्यांपेक्षा आधी आणि जास्त तळमळीने विचारले पाहिजेत. सत्ता बदलली की संशयिताचा सन्माननीय होतो, हे या मातीने एकाच पिढीत पाहिले आहे.

इंग्रजांविरुद्ध इथे चाललेल्या समांतर कारभाराच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या काळात येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे सारे इंग्रजी पोलिसांच्या दप्तरी फरारी गुन्हेगार होते. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम नेली गेली, त्याची नोंद दरोडा अशीच झाली. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून पळाले आणि गोळी लागून पुन्हा पकडले गेले. पुढे ते मुख्यमंत्री झाले, चव्हाण आधी देशाचे संरक्षणमंत्री आणि मग गृहमंत्री झाले. देशाची सर्वांत गुप्त कागदपत्रे ज्यांच्या टेबलावर आली, त्यांनी एके काळी पोलिसांना चुकवत रात्री काढल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर संशय संपला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. राष्ट्रीय सुरक्षेच्या रक्षणासाठी म्हणून १९४९ साली रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी खास नियम आले. विध्वंसक कारवायांचा वाजवी संशय आला, तरी कर्मचाऱ्याला घरी बसवण्याची सोय त्यांत होती. बंगाल-नागपूर रेल्वेतील पी. बालकोटय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर कम्युनिस्टांशी आणि त्यांच्या कामगार संघटनेशी जवळीक असल्याचा ठपका आला. नागपूरच्या उच्च न्यायालयातून त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७च्या अखेरीस ते हरले. त्याच १९५७च्या निवडणुकीत उत्तर साताऱ्याने नाना पाटलांना लोकसभेवर पाठवले होते, तेही कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून. ज्या पक्षाचा खासदार संसदेत बसून देशाचे कायदे करत होता, त्याच पक्षाशी जवळीक म्हणून गेलेल्या रेल्वेतल्या माणसांच्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. मतदारांनी दिलेला विश्वास आणि खात्याने काढलेला विश्वास यांतला हा विरोध तेव्हा कुणी सोडवला नाही.

तो सोडवण्याचा खरा प्रयत्न १९८३ साली झाला. मध्य प्रदेशात रामशंकर रघुवंशी नावाच्या शिक्षकाला संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून नोकरीतून काढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी राज्य सरकारला स्पष्ट सुनावले, की नोकरी देताना माणसाची जुनी राजकीय मते उकरून काढणे घटनेच्या मूलभूत हक्कांना धरून नाही. त्या निकालात अमेरिकेतल्या मॅकार्थी काळाचीही आठवण आहे. तिथे अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांची सुरक्षा मंजुरी जून १९५४मध्ये, तिची मुदत संपायला जेमतेम दिवस उरला असताना, नाकारली गेली. तो निर्णय सदोष प्रक्रियेतून झाला होता, हे तिथल्या ऊर्जा खात्याने डिसेंबर २०२२मध्ये मान्य केले. ओपनहायमर १९६७ सालीच वारले होते. आणि आता तिथे राष्ट्राध्यक्ष आपल्या आधीच्यांना गुप्त माहिती नाकारू लागले आहेत. बायडेन यांनी २०२१मध्ये ट्रम्प यांना गुप्त माहिती देणे थांबवले, ट्रम्प यांनी २०२५मध्ये बायडेन यांच्याबाबत तेच केले.

महाराष्ट्रात याच राजकारणाचे रूप पोलीस संरक्षणात दिसते. जानेवारी २०२१मध्ये महाविकास आघाडी सरकारने फडणवीस आणि राज ठाकरे यांचे संरक्षण घटवले. ऑक्टोबर २०२२मध्ये शिंदे सरकारने आघाडीच्या नेत्यांचे घटवले. मधल्या काळात, जून २०२२च्या बंडात, आपल्या आमदारांच्या कुटुंबांचे संरक्षण काढल्याचा आरोप एकनाथ शिंदे यांनी पत्र लिहून केला आणि गृहमंत्री वळसे पाटील यांनी तो नाकारला. पाटणचे शंभूराज देसाई त्या वेळी गृहराज्यमंत्री होते आणि बंड करणाऱ्यांच्या बाजूला होते. ज्या खात्यातून हे आदेश निघतात, त्याच खात्याचे राज्यमंत्री आरोप करणाऱ्यांच्या गटात बसलेले. कोणाला किती धोका आहे, याचे मूल्यमापन पोलिसांचे आहे असे दर वेळी सांगितले जाते, पण सरकार पडले की ते मूल्यमापनही पालटते. आमदारांना यात पत्रकार परिषद घेता येते. ज्याला ती घेता येत नाही, त्याची आम्हाला अधिक काळजी आहे.

साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी आहे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. इथल्या घराघरात एक तरी पोरगा भरतीच्या तयारीला असतो. धावण्यात पहिला आला तरी शेवटचा कागद चारित्र्य पडताळणीचाच असतो. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवला, आरक्षणाच्या मोर्चात नाव आले, की पडताळणीत गुन्हा निघतो. मग वर्षानुवर्षे पोलीस ठाणे आणि तहसील यांच्यात त्या पोराच्या आणि त्याच्या बापाच्या खेपा चालू राहतात. राजकीय-सामाजिक आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघाले आहेत, पण निर्णय निघणे आणि न्यायालयातून प्रकरण प्रत्यक्ष संपणे यांत भरतीचे वय निघून जाते. जुलै २०२५मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आहे. उद्या त्या यादीची सावली गावातल्या पोराच्या पडताळणीवर पडली, तर त्याला विचारायला जागा कुठे आहे?

मोठ्या कंपन्यांचीही हीच अडचण झाली आहे. मे २०२५मध्ये सेलेबी या तुर्की कंपनीची विमानतळांवरची सुरक्षा मंजुरी एका आदेशाने रद्द झाली. मुंबई विमानतळावर ती काम करत होती. कारणे बंद लिफाफ्यात न्यायालयापुढे गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने जुलैत सरकारची बाजू उचलून धरली. त्याआधी ५ एप्रिल २०२३ रोजी मीडियावन या मल्याळम वाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने जाऊन सांगितले होते, की राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की न्यायालयाने हात जोडावेत असे नाही आणि बंद लिफाफ्यामुळे नैसर्गिक न्याय मारला जातो. सेलेबीची चौकशी रास्त असेलही. पण कंपनीपाशी वकिलांची फौज असते, वाळव्याच्या उमेदवारापाशी नसते.

म्हणून राज्य सरकारने निदान एवढे करावे. पडताळणीत नाकारलेल्या प्रत्येकाला लेखी कारण द्यावे आणि त्यावर दोन महिन्यांत निर्णय देणारा, पोलीस खात्याबाहेरचा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमावा. मागे घ्यायचे ठरलेले आंदोलनाचे गुन्हे पडताळणी अहवालात अडथळा म्हणून दाखवू नयेत. पोलीस संरक्षण देण्या-काढण्याचे निर्णय निवृत्त न्यायाधीशांच्या समितीपुढे न्यावेत आणि प्रत्येक बदलाचे कारण तिने नोंदवून ठेवावे. गृहखाते आज ज्यांच्या हाती आहे त्यांचे संरक्षण ते विरोधात असताना घटवले गेले होते, आणि आज तक्रार करणाऱ्यांच्या हाती तेव्हा हेच खाते होते. दोन्ही बाजूंना या नियमाची गरज कधी ना कधी पडली आहे, तेव्हा येत्या अधिवेशनात तो मांडायला अडचण कोणाची आहे, हे सातारा-सांगलीच्या आमदारांनी सभागृहात उभे राहून विचारावे.